विहिणीचं उत्तर

माझ्या नणंदेच्या लग्नात आमच्या आत्यानं गाण्यातून विहिणीची यथेच्छ खोडी काढली. विहिणीनं तिला शेरास सव्वाशेर उत्तर दिलं. दोघी पोट धरधरून हसल्या आणि लग्न झकास पार पडलं. पण जगानं त्यातलं अर्धंच बघितलं. मी सांगणार आहे तो सगळा घोळ त्या अर्ध्याचा आहे.

आत्या म्हणजे माझ्या सासऱ्यांची धाकटी बहीण. लग्न होऊन गेली ती वर्षाच्या आत माघारी आली आणि घोटावड्याजवळच्या आमच्या घरात कायमची राहिली. का आली, हे घरात कुणी बोलत नसे. गावात आणि सोयऱ्यांत मात्र प्रत्येकाला ठाऊक होतं. भात लावताना तिचा हात भराभर चाले आणि तोंड त्याहून भराभर. मी नवी सून म्हणून आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिनं माझ्या भाकरीवर गाणं रचलं. ‘सूनबाईची भाकरी, शेताच्या बांधावाणी वाकडी’ अशी त्याची सुरुवात होती. मी चुलीपुढं बसून रडले. संध्याकाळी भांडी घासताना नकळत मीच ते गुणगुणायला लागले, तेव्हा ती मागून येऊन म्हणाली, “आता तू आमची झालीस.” मला तिचा भयंकर राग आला होता आणि तो बरेच दिवस टिकला, कारण राग धरून ठेवण्यात मी पहिल्यापासून हुशार आहे.

आमच्या चार गावांत लग्नातली विहिणीची पंगत हा एक वेगळाच प्रकार असे. नवऱ्या मुलाची आई आणि तिच्याकडच्या बाया मानानं पाटावर बसत आणि नवरीकडच्या बाया मागं उभ्या राहून त्यांची गाण्यातून उडवत. कपडे, दागिने, चालणं, बोलणं, काहीही सुटत नसे. ताटात भात पडेपर्यंत विहिणीनं मान खाली घालून ऐकून घ्यायचं आणि मुकाट जेवायचं. भात वाढला की तिची पाळी. मग तिनं उलटं गाणं म्हणायचं, आणि जिला उत्तर सुचणार नाही तिच्या ओटीत दुसरीनं नारळ घालायचा. हा हरल्याचा नारळ. तो हसत घ्यायचा, आणि मांडवात जे बोललं गेलं ते मांडवातच सोडून उठायचं. मांडवाबाहेर त्यातला शब्दही कुणी काढला तर त्या बाईला पुढच्या लग्नात गाण्यात घेत नसत.

नणंदेचं लग्न ठरलं तोवर हे बरंच मागं पडलं होतं. भूगावात तर कार्यालयं झाली होती आणि तिथल्या लग्नात बुफे असे. बुफेच्या रांगेत ताट घेऊन उभ्या असलेल्या बाईला गाण्यातून कोण चिडवणार? आमची विहीण भूगावचीच. त्यांच्या जमिनीवर बिल्डरच्या इमारती उभ्या राहिल्या होत्या आणि शेजारी त्यांनी स्वतःला बंगला बांधला होता. बाई मूळच्या ताम्हिणीकडच्या एका वाडीतल्या, पण बंगल्यात आल्यापासून जपून बोलत. ‘आहे’, ‘नाही’, ‘बसा ना’, सगळं शहरासारखं. शेजारच्या फ्लॅटमध्ये नोकरदारांच्या बायका राहायच्या. त्यांच्या हळदीकुंकवाला विहीणबाई जात आणि फारसं तोंड न उघडता परत येत. मी भूगावातच एका बिल्डरच्या ऑफिसात कामाला होते, त्यामुळं येताजाता मला त्या दिसत. मला वाटायचं, बाई गर्विष्ठ आहेत.

लग्न आमच्या दारात, मे महिन्यात झालं. विहिणीची पंगत बसली आणि आत्यानं पदर खोचला. मी तिच्या कानात म्हटलं, “आत्या, त्या लोकांना चालायचं नाही.” ती म्हणाली, “चालंल न्हाईतर पळंल. तू गप उभी ऱ्हा.” आणि तिनं सूर लावला.

‘इहीनबाई आली बाई, बंगल्याची राणी
बंगल्याच्या नळाला येईना पाणी
सोफ्यावर बसती बाई इहीन उकिडवी
टीव्हीला इचारती, भाजी कंची करावी’

मांडव हसून हसून लोळला. विहीणबाई मान खाली घालून पुरी तोडत होत्या. त्यांचे खांदे हलत होते आणि मला कळेना, या रडतायत की काय. मग भात आला. त्यांनी वरणाची वाटी बाजूला सारली, पदर सावरला आणि मान वर केली. त्या हसत होत्या. आणि त्यांनी जो आवाज काढला, तो बंगल्यातला नव्हता. डोंगरावरून पलीकडच्या वाडीला हाक घालावी असा तो आवाज होता.

त्यांचं उत्तर आत्याच्या माघारी येण्यावर होतं. जे आमच्या घरात इतक्या वर्षांत कुणी उच्चारलं नव्हतं, ते त्या बाईनं तालासुरात सगळ्यांपुढं मांडलं, आणि असं मांडलं की आत्या सासरहून पळून आलेली न वाटता सासर जिंकून आलेली वाटावी. तरी ऐकताना सगळ्या आत्याकडं बघायला लागल्या. मग आत्या अशी हसली की तिला खाली बसावं लागलं. डोळे पुसत पुसत तिनं स्वतःच ओटी पुढं केली. तिच्या ओटीत नारळ पडलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितला. “लई दिसांनी कुणीतरी मपल्याशी बोललं,” असं ती रात्री म्हणाली, ते मला तेव्हा नीट समजलं नाही.

हे सगळं आमचा भाडेकरू फोनवर घेत होता. वरच्या खोलीत राहणारा हा मुलगा नांदेडकडचा, हिंजवडीला आयटीत नोकरी. आमच्या भागात तेव्हा ज्याच्या त्याच्या घरावर अशा पोरांसाठी खोल्या चढल्या होत्या. हा आत्याला मावशी म्हणायचा आणि तिच्या हातची भाकरी मागून खायचा. व्हिडिओ काढणारा फोन त्यानं नुकताच घेतला होता. पण आमच्याकडची रीत त्याला काय माहीत? आत्याचं गाणं झालं, हशा झाला, त्याला वाटलं झालं. तेवढ्यात पुरुषांच्या पंगतीला वाढपी कमी पडले म्हणून माझ्या नवऱ्यानं त्याला हाक मारली. त्यानं फोन खिशात घातला आणि जिलबीचं ताट उचललं. भात त्याच्यामागं वाढला गेला.

पुढच्या आठवड्यात त्यानं ते गाणं नेटवर चढवलं. तेव्हा सगळी तरुण पोरं नेटवरच्या एकाच साइटवर पडीक असत. साहेब बांधकामाच्या साइटवर गेले की ऑफिसात आम्हीही त्या दुसऱ्या साइटवर जात असू. तिथं आमच्या तालुक्याच्या नावानं एक कम्युनिटी होती. दुसऱ्याच्या बुलेटला टेकून गॉगल लावलेली आमची पोरं तिथं ढोल गळ्यात अडकवलेले फोटो टाकत आणि नावापुढं ‘मुळशीकर’ असं लिहीत. मी त्यांना हसायचे खरी, पण मला ते आवडायचंही. मी पुण्यात कॉलेजला असताना तोंडातून ‘आहे’ऐवजी ‘हाय’ निघालं की पोरी एकमेकींना ढोसत. ‘कुठली गं तू?’ असं विचारलं की मी ‘इथलीच, पुण्याजवळची’ म्हणायचे. आणि ही पोरं छाती काढून सांगत होती, आम्ही इथले. आपल्यालाही तेव्हा असं जमलं असतं तर, असं मनात यायचं.

व्हिडिओखाली पहिले काही दिवस नुसतं कौतुक होतं. ‘असलं लग्न आता कुठं बघायला मिळतं’, ‘मावशींना दंडवत’, ‘माझी आजी अशीच गायची, डोळे भरून आले’. एकानं अमेरिकेतून लिहिलं होतं. मी घरी येऊन आत्याला सांगितलं, तर तिनं मला ते पुन्हा सांगायला लावलं आणि मग सबंध आळीला सांगून आली. “तितं भात लावत्यात का गं?” एवढंच तिनं विचारलं. भाडेकरू पोरगाही खुशीत होता. त्याच्या बहिणी गावाकडं होत्या आणि त्याला घरची फार आठवण येई; त्यानं हे प्रेमानंच केलं होतं, हे मी आजही म्हणेन.

मग तो व्हिडिओ भूगावात पोचला. विहीणबाईंच्या भाच्यानं बघितला, त्यानं शेजारच्या इमारतीतल्या पोरांना दाखवला. त्यांनी खाली लिहायला सुरुवात केली. ‘अरे ही तर बंगलेवाली काकू’, ‘सोफ्यावर उकिडवी’. ते नाव चिकटलं. बाई भाजी घ्यायला निघाल्या की गॅलरीतून पोरं ओरडत, “काकू, टीव्हीला विचारलं का?” हळदीकुंकवाला जमणाऱ्या बायकांनीही तो बघितला. पुढच्या वेळी विहीणबाई आल्यावर एकीनं सोफा सोडून प्लास्टिकची खुर्ची पुढं केली आणि बाकीच्या खाली बघून हसल्या. हे मला नणंदेनं फोनवर सांगितलं. “वैनी, त्या पडदे लावून बसत्यात,” ती म्हणाली. “मला काय बोलत न्हाईत. कुणालाच बोलत न्हाईत.” मग मागं कुणीतरी आलं असावं, कारण ती एकदम मोठ्यानं म्हणाली, “व्हय व्हय, सगळं बरं हाय हितं.”

भाडेकरूनं तो व्हिडिओ काढून टाकला. काही उपयोग झाला नाही. तोवर दुसऱ्यांनी उतरवून घेऊन आपापल्या नावानं चढवला होता, आणि प्रत्येकात विहीणबाई मान खाली घालून पुरी तोडत होत्या. पुढं काय झालं ते फक्त मांडवातल्या बायांना माहीत होतं.

आणि आखाड लागला. नव्या नवरीनं पहिल्या आखाडात सासूचं तोंड बघायचं नाही म्हणून तिला माहेरी आणतात. आणायला जातो तो मुराळी. माझा नवरा मुराळी म्हणून नवा शर्ट घालून भूगावला गेला आणि एकटाच परत आला. विहीणबाईंनी त्याला चहा दिला आणि सांगितलं, “आमच्याकडं आता हे आखाड वगैरे पाळत नाहीत.” सासूबाईंनी पोरीसाठी पापड लाटून ठेवले होते. पहिल्या आखाडाला मुलगी आली नाही म्हणजे गावात काय अर्थ निघतो, ते कुणी बोलून दाखवायची गरज नव्हती. आणि पोरगी तिकडं बंद पडद्यांच्या घरात, जिथं तिच्याशी कुणी बोलत नाही. माझी नणंद विशीचीही नव्हती. मला रात्रंदिवस तिचं ते मोठ्यानं म्हटलेलं ‘सगळं बरं हाय’ ऐकू येत होतं.

यावर आमच्या घरानं जे केलं ते फक्त आमच्याच घराला सुचू शकतं. सासूबाई म्हणाल्या, चूक आपल्याकडून झाली, मान द्यायला पाहिजे. त्यांनी साडी, खण आणि नारळ भूगावला धाडला. मीच तो ऑफिसला जाता जाता पोचवला. विहीणबाईंनी पिशवीत हात घातला, नारळ बाहेर काढला आणि माझ्याकडं रोखून बघितलं. मग त्यांनी तो परत पिशवीत ठेवला आणि पिशवी माझ्या हातात दिली. मी तणतणत घरी आले. “मान दिला तर तोही नको! एवढा कसला बंगल्याचा तोरा?” असं मी ओट्यावरून ओरडत होते. आत्या तांदूळ निवडत होती. तिचे हात थांबले.

“नारळ धाडला?” ती म्हणाली. “कुणाला इचारून? समद्या जगात त्या बाईची मान खाली दिसतीया, आन्‌ तुमी तिच्या वटीत हरल्याचा नारळ घालताय व्हय गं?”

सासूबाईंचा चेहरा पांढरा पडला. माझाही पडला असणार. त्या घरात गाण्यातलं कळणारी ती एकटीच होती, आणि आम्ही तिला विचारलंच नव्हतं. ती उठली, हात धुतले आणि वरच्या खोलीकडं तोंड करून भाडेकरूला हाक मारली. “पोरा, तुजा त्यो फोन घे. रईवारी माज्यासंगं भूगावला यायचं.”

तिचा बेत सरळ होता. विहीणबाईंनी आपलं उत्तर पुन्हा म्हणायचं, पोरानं ते फोनवर घ्यायचं आणि नेटवर चढवायचं. ज्यांनी पहिलं बघितलं त्यांनी दुसरं बघावं. मला तो बेत एकदम पसंत पडला. भाडेकरू तर हात जोडून म्हणाला, “मावशी, मी त्याच्यावर ‘खरं उत्तर’ असं मोठ्या अक्षरात लिहितो.”

रविवारी दुपारी आम्ही तिघं बंगल्यावर गेलो. दार नणंदेनं उघडलं. ती बारीक झाली होती. तिनं माझा हात धरला तो सोडेचना, म्हणून तिला तशीच घेऊन मी आत गेले. विहीणबाई सोफ्यावर बसल्या होत्या, आणि खरंच उकिडव्या बसल्या होत्या. आम्हाला बघून त्यांनी पाय खाली सोडले. त्यांनी सुनेला चहा करायला पाठवलं.

आत्या समोर फरशीवर बसली. खुर्ची दिली तरी घेतली नाही. “इहीनबाई,” ती म्हणाली, “नारळ चुकून आला. आमच्या बाया येड्या हायेत. त्ये इसरा. आता असं करा, मपल्याला जे उत्तर दिलंत ते हितं द्या. ह्ये पोरगं घेईल. म्या हरले, ते समद्यांस्नी दिसू द्या.”

“त्यानं काय होतंय?” विहीणबाई म्हणाल्या.

“तुमची मान वर हुईल.”

विहीणबाईंनी फोनकडं बघितलं. त्यांचे डोळे भरले होते. इतके दिवस पडद्याआड बसून त्यांनी काय सोसलं होतं, ते त्या चेहऱ्यावर दिसत होतं, आणि मी या बाईला गर्विष्ठ म्हणत होते. त्यांनी पदर सावरला. भाडेकरूनं फोन धरला. त्यांनी पहिली ओळ म्हटली. आवाज तोच, डोंगरावरचा. स्वयंपाकघरातून नणंद दारात येऊन उभी राहिली. आत्यानं मान डोलावली, म्हणा, म्हणा. दुसरी ओळ आली. तिसऱ्या ओळीत आत्याचं सासर येत होतं. तिथं त्या थांबल्या.

“बंद कर ते,” त्या भाडेकरूला म्हणाल्या.

“इसरला का?” आत्या म्हणाली. “म्या सांगते की फुडचं. मपल्या पाठ हाय.”

“इसरायला काय झालंय?” विहीणबाईंची जपून बोलायची भाषा कधीच गळून पडली होती. “मांडवात समद्या आपल्या बाया हुत्या. त्यांनी तुमची वरात बघितली, तुमी परत आलेल्या बघितल्या, तुमचे ते दिस बघितले. मी काय म्हणले न्‌ कशापाई म्हणले, त्यास्नी कळतंय. ह्या डबड्यातल्या लोकास्नी काय ठाव? ते तुमच्यावर हसतील. मपल्यावर हसत्यात तसं. गॅलरीतनं पोरं वरडतील तुमास्नी.”

“वरडू द्या. मपलं काय आता जायाचं ऱ्हायलंय?”

“न्हाई,” त्या म्हणाल्या. “तुमचं घर मी तितं उघडं करणार न्हाई.”

“मंग तुमी तशाच हरलेल्या ऱ्हानार? समद्या जगात?”

विहीणबाईंनी पाय पुन्हा सोफ्यावर घेतले. “ऱ्हाईन की,” त्या म्हणाल्या. “न्हाईतरी उकिडवी बसतेच मी.”

आत्या हसेल असं मला वाटलं. ती हसली नाही. तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं आणि ती रडली. आमच्या घरात इतकी वर्षं काढली, पण तिला रडताना मी तोवर बघितलं नव्हतं. विहीणबाई खाली उतरून तिच्याशेजारी फरशीवर बसल्या आणि तिच्या पाठीवर हात फिरवत राहिल्या. भाडेकरू फोन हातात धरून भिंतीकडं बघत होता. मग विहीणबाईंनी नणंदेला सांगितलं, “पिशवी भर. आखाड सरत आला न्‌ अजून तू माझं तोंड बघत बसलीयास.”

आम्ही टमटमनं घरी निघालो. भाडेकरू पुढं ड्रायव्हरशेजारी, मागं आम्ही तिघी, नणंद मधे. ती पिरंगुट येईपर्यंत सारखी बोलत होती, इतक्या दिवसांचं साठलेलं सगळं तिला एकदमच सांगायचं होतं. आत्या बाहेर बघत बसली होती. शेवटी नणंदेनं तिला कोपरानं ढोसलं आणि विचारलं, “आत्ये, आज गाणं न्हाई व्हय? काय झालं काय तुला?”

“हरले,” आत्या म्हणाली. “मांडवात हरले ती गंमत हुती. आज खरी हरले.”

“कुणाला?”

“तुज्या सासूला. तिला जप.”